नऊशे मीटर

एप्रिल सरता सरता आमच्या ऑफिसातल्या कूलरची जुनी जाळी काढून नवी खस बसवतात. पहिल्या दिवशी त्या ओल्या खसचा वास सगळ्या खोल्यांत भरतो, बाबू लोक खूश होतात, कोणी तरी आम का पना मागवतं, आणि मी खुर्चीवरून उठते. कारण त्या वासामागून यादी येते. दरवर्षी येत नाही, पण येते तेव्हा याच दिवसांत येते. कोणत्या शाळा ठेवायच्या आणि कोणत्या शेजारच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या, त्याची यादी. यंदा आली आहे. पेपरवेटखाली कूलरच्या वाऱ्याने तिचे कोपरे फडफडताहेत आणि मी चौथ्यांदा पाणी प्यायला उठले आहे. तहान काही लागलेली नाही.

मला बसवत नाही, एवढंच. घरीही तेच. भिलाईच्या हुडको कॉलनीतलं आमचं घर काही मोठं नाही, पण पाच दिवसांत मी त्यात किती फेऱ्या मारल्या असतील कोण जाणे. गॅस बंद आहे का ते पाहून येते, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या उलट्या करून येते, पुन्हा गॅस पाहते. माझी मुलगी मराठी फक्त घरात बोलते आणि तीही अर्धीच. परवा ती म्हणाली, "आई, तू बैठ ना एक जगह. तुझ्याकडे पाहून मले चक्कर येऊन राहिली." मी बसले. दोन मिनिटांनी उठून नळ बंद आहे का ते पाहून आले.

तीस वर्षं या खात्यात घालवल्यावर मला एक गोष्ट कळली आहे आणि ती कोणत्याही बैठकीत बोलायची सोय नाही. शाळांचे सगळे मोठे निर्णय आम्ही शाळा बंद असताना घेतो. मे महिन्यात. पोरं तेंदू आणि चारोळीची फळं खात रानात हिंडत असतात, वर्गांना कुलपं असतात, घंटा कुठे तरी कपाटात ठेवलेली असते, आणि आम्ही थंड खोलीत बसून ठरवतो की जूनमध्ये कोणी कुठे जायचं. शाळा उघडायच्या आत सगळं झालं पाहिजे हे खरंच आहे, मधेच कोणाला हलवणार. पण ज्या रस्त्यावरून एकही पोर चालत नाही, त्या रस्त्याबद्दल आम्ही सही करतो. मी केली आहे. म्हणून तर पाणी पिऊन राहिले.

नियोजन म्हणजे काय ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी भिलाईच्या सेक्टर दहामध्ये, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत वाढले. अख्खं गावच कागदावर आधी आणि जमिनीवर मग आलेलं. रस्ते सरळ, क्वार्टर एकसारखे, नळाला पाणी ठरल्या वेळी, प्लांटचा भोंगा ठरल्या वेळी. माझी शाळा घराच्या इतकी जवळ होती की विसरलेला डबा आई मधल्या सुट्टीआधी आणून द्यायची. शाळेत जाताना मोठा रस्ता मी एकदाही ओलांडला नाही. हे कोणी तरी बसून, आमच्या पायांचा विचार करून आखलं होतं, हे लहानपणी थोडंच कळतं. पाणी जसं नळाला येतं तशी शाळा जवळ असते, असं वाटायचं.

माझे बाबा भंडाऱ्याकडचे. तरुणपणी एका पत्र्याच्या पेटीत दोन सदरे आणि निळ्या कोटातला एक फोटो घेऊन भिलाईला आले आणि प्लांटच्या आतल्या रेल्वेत शंटिंगला लागले. डबे जोडायचे, तोडायचे, रेक, म्हणजे मालडब्यांची सबंध रांग, आत घ्यायची, बाहेर काढायची. त्यांचं काम मी एकदाच पाहिलं, प्लांट पाहायला घरच्यांना नेतात त्या दिवशी. रेक हलवायच्या आधी ते तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी गेले. दर दोन डब्यांमागे वाकून खाली पाहत गेले. मग तिकडून हिरवी झेंडी. मी विचारलं, "कोणी नसतेच तर रोज कशाला पाहता?" बाबा म्हणाले, "काल नव्हतं, थे कालचं झालं." नोकरीभर ते असेच वाकत राहिले आणि रिटायर होताना कमरेने कायमचे थोडे पुढे झुकलेले होते.

हे सगळं माहीत असलेल्या माणसाची मुलगी मी. आणि तरी ते झालं.

बारा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी ब्लॉकची शिक्षण अधिकारी होते, बीईओ. खुर्ची नवी होती आणि डोक्यात हवा होती, कशाला खोटं बोलू. वरून आदेश आला की पट कमी असलेल्या प्राथमिक शाळा जवळच्या शाळेत मिळवा, मात्र दोहोंत अंतर एक किलोमीटरच्या आत हवं. त्यात वाईट काही नव्हतं. एका खोलीत पाच वर्ग आणि एकटी बाई, ती आजारी पडली की शाळा बंद, हे मी रोज पाहत होते. मोठ्या शाळेत मास्तर जास्त, पोरांना सोबत जास्त. बाकीच्या अधिकाऱ्यांनी फोनमधल्या नकाशावर बोट ठेवून अंतरं काढली. मी म्हटलं, मी असं करणार नाही, मी जागेवर जाऊन मोजणार. ह्या गोष्टीचा मला कोण अभिमान. बैठकीत दोनदा बोलून दाखवलं मी ते.

यादीतली शेवटची शाळा तरियापाऱ्याची. रसमड्याच्या कारखान्यांच्या मागे एक तळं, तळ्याला छत्तीसगढीत तरिया म्हणतात, त्याच्या काठाची ती वस्ती. दोन खोल्या, एक कडुनिंब, देवकी मॅडम एकट्या शिकवणाऱ्या. मोठी शाळा रेल्वे लाइनच्या पलीकडे. आमचे संकुल समन्वयक साहू सर, दहा-बारा शाळांची देखरेख त्यांच्याकडे, फार नेमका माणूस. ते म्हणाले, "मैडम, मोटरसाइकिल के मीटर से नाप लेते हैं, पक्का आएगा." मी म्हटलं चला. फक्त एक झालं. मे महिना होता आणि नऊनंतर डोक्यावर दुपट्टा घेतला तरी भेजा उकळतो. साहू सरांना आदल्या वर्षी लू लागली होती. म्हणून आम्ही रविवार ठरवला, आणि पहाटे सहाची वेळ.

ती सकाळ मला अजून आवडते, हीच तर चीड आहे. तळ्यावरून गार वारा येत होता. मोहाच्या झाडाखाली बाया टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, वेचत होत्या. साहू सरांच्या मागे बसून मी शाळेच्या पायरीपासून निघाले, कच्चा रस्ता, मग बाभळी, मग लाइन. ती मोठी लाइन नाही, एका कारखान्यात माल नेणारी साइडिंग. फाटक म्हणजे दोन खांब आणि एक आडवा दांडा, तोही वर करून तारेने बांधून ठेवलेला. रुळांवर दोन बकऱ्या उभ्या होत्या. आम्ही आरामात पलीकडे गेलो, मोठ्या शाळेच्या गेटाशी थांबलो. साहू सरांनी वाकून मीटरचा शेवटचा लाल आकडा पाहिला. "नौ सौ मीटर, मैडम. बिल्कुल." मी तिथल्या तिथे वहीत लिहिलं, नऊशे. मग आम्ही चहा प्यायलो.

यादी पाठवायच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आले होते. बाबा तेव्हा माझ्याकडेच राहत. जमिनीवर बसून ते कांदे सोलत होते, उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवल्याशिवाय ते कोणाला घराबाहेर पडू देत नसत. यादी त्यांनी चष्मा लावून सबंध वाचली. माझा कोणताही कागद ते असाच वाचायचे, बोट फिरवत.

"ह्या तरियापाऱ्याच्या मधात फाटक हाय का वं?"

"आहे. कारखान्याच्या साइडिंगचं. उघडंच राहते."

"कोणत्या टायमाले पाह्यलं?"

"सकाळी सहाले. रविवारी."

"अन् शाळा किती वाजता भरते?"

"दहाले."

"मंग दहाले काहून नाई पाह्यलं?"

मी चिडले. उन्हातून आलेले, साडेतीनच्या आत यादी द्यायची होती. म्हटलं, "बाबा, लाइन तीच, फाटक तेच. सहाले वेगळं अन् दहाले वेगळं राहते का?"

"वेगळंच राहते," बाबा म्हणाले. "पहिल्या पाळीचे लोक कामाले लागले का मंग रेक आत घेतात. जागा नसली का बाहेरच उभी करतात."

"मले शिकवू नका. तुमची नोकरी वेगळी होती, माही वेगळी आहे."

बाबांनी कांद्याचं साल काढलं आणि कांदा माझ्या पर्सच्या बाहेरच्या खिशात घातला. यादी तीन वाजता गेली.

जूनमध्ये शाळा उघडल्या. मोठ्या शाळेत नव्या पोरांना टिळे लावले, पुस्तकं वाटली, मी भाषणही केलं. तरियापाऱ्याची पोरं आपल्या आयांबरोबर आली होती, आया होत्या म्हणून चांगले कपडे घालून आली होती. देवकी मॅडमनाही तिथेच वर्ग मिळाला. जुलैत हजेरीचे आकडे आले तेव्हा तरियापाऱ्याच्या नावांपुढे गैरहजेरीच गैरहजेरी. मी म्हटलं रोपाई चालू आहे, भाताच्या लावणीला घरचे पोरांना नेतात, दरवर्षीचंच आहे. मला पटलंही ते. आपल्याला हवं ते कारण आपल्याला किती पटकन सापडतं.

ऑगस्टात सुखबती आली. तरियापाऱ्यातली बाई, चाळिशीची, एका वीटभट्टीवर काम करणारी. तिची खेमिन पाचवीत होती. सुखबती भांडली नाही की रडली नाही. दारातच उभं राहून म्हणाली, "मैडम, एक बार दस बजे आ के देख लेव." बस्, एवढंच. बस म्हटलं तर बसलीही नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला मी फाटकाशी उभी होते, वस्तीच्या बाजूने. कोळशाच्या डब्यांची रेक रस्ता अडवून उभी. डावीकडे पाहिलं, टोक दिसेना. उजवीकडे पाहिलं, टोक दिसेना. दांडा तसाच वर, तारेने बांधलेला. सायकलवाले एक पाय टेकून बिड्या ओढत थांबले होते, म्हणजे हे रोजचंच होतं. आणि पोरं डब्याखालून जात होती.

मी ते नीट पाहिलं, आजही डोळे मिटले की पाहते. खेमिन दहा वर्षांची, सडसडीत, वेण्या लाल रिबिनीत दुमडलेल्या. तिने सगळं लावून दिलं होतं. आधी ती वाकून पलीकडे कोणी आहे का ते बघे. मग दप्तरं सरकवायची. मग लहान पोरं, एकेक, डोकं खाली दाबून. मग मोठी पोरं. शेवटी ती स्वतः. कोणी घाई केली तर कान पिळायची. माझ्या खात्याने वर्षभर बैठका घेऊन जे केलं त्याहून त्या पोरीचं नियोजन चांगलं होतं. मी ओरडणार होते, थांबा म्हणणार होते. पण ती खाली शिरली आणि त्याच वेळी लांबून तो आवाज आला. लहानपणी बाबांनी सांगितलेला आवाज. इंजिन लागलं की धक्का एका डब्यातून दुसऱ्यात जातो, खाड्, खाड्, खाड् करत जवळ येतो. मला तो ओळखू आला.

डबा हातभर सरकला आणि थांबला.

खेमिन रुळांच्या मधे पालथी पडली होती, हात डोक्यावर. मग ती सरपटत पलीकडे निघाली. रेक गेल्यावर मी पलीकडे गेले तर ती एका पायावर उभी, हातात चपलेचा अर्धा तुकडा. "मोर चप्पल कट गे, मैडम," ती म्हणाली. आई रागावेल याचीच तिला काळजी.

इथपर्यंतचं मी लोकांना कधी कधी सांगते. बैठकीत नव्या अधिकाऱ्यांना सांगते, ते माना हलवतात. पुढचं सांगत नाही.

पुढे मी पत्रं लिहिली. फाटकावर माणूस ठेवा म्हणून एक, रेक सरकवून उभी करा म्हणून एक, पोरांसाठी काही सोय करा म्हणून एक. उत्तरं आली की विचार चालू आहे. असा एक महिना गेला. मधे सुखबतीने खेमिनला शाळेतून काढून मावशीकडे पाठवलं, मावशीचं तान्हं सांभाळायला. पत्रं लिहायची गरज नव्हती, हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. एका ओळीत काम होत होतं. अंतर मी चुकीच्या वेळी मोजलं, दहा वाजता हा रस्ता नसतो, शाळा परत उघडा. पण ती ओळ माझ्या हाताने, माझ्या सहीने लिहायची होती. जागेवर जाऊन मोजणारी म्हणून मिरवलेली मी.

घरी बाबांना मी सगळं सांगितलं होतं. एक दिवस ते म्हणाले, "कोणाची वाट पाहून राहिली आता?"

मी म्हटलं, उत्तर येऊ द्या.

"नोकरीभर डब्याखाली वाकून पाह्यलं मी," ते म्हणाले. "लोकायसमोर. मले कधी शरम नाई वाटली. तुले एक ओळ लिहाले वाटून राहिली?"

दुसऱ्या दिवशी मी ती टिपणी लिहिली आणि मोठ्या साहेबांकडे नेली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि खरंच मायेने म्हणाले, "अपनी गलती अपने हाथ से क्यों लिखती हैं? लिखिए, जनभावना को देखते हुए. काम वही होगा." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी त्यावर उभी रेघ मारली आणि दुसरा कागद घेतला. जनभावनेचा विचार करून तरियापाऱ्याची शाळा पूर्ववत सुरू करावी. काम तेच झालं. दिवाळीनंतर कुलूप निघालं, देवकी मॅडम परत गेल्या. पोरांऐवजी आता त्या एकट्याच पलीकडून लाइन ओलांडून यायच्या, आणि मोठं माणूस डब्याखाली शिरत नाही, ते थांबतं. घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, लिहिलं. त्यांनी मान डोलावली. काय लिहिलं ते विचारलं नाही. तीन वर्षांनी ते गेले, माझ्यावर विश्वास ठेवूनच गेले.

खेमिन परत आली नाही. सत्राच्या शेवटी देवकी मॅडमच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावावर लाल रेघ पाहिली, पुढे लिहिलेलं, दीर्घ अनुपस्थित. मी मावशीच्या गावी माणूस पाठवला होता. तो सांगत आला की पोरगी आता तिथेच राहील, घरचे शाळेला नाही म्हणतात. मग पुढची सत्रं आली, पुढची कामं आली. दर मे महिन्यात मात्र माझ्या पायांना कळ लागते.

आणि यंदाची यादी. ही कोणी बोटाने मोजलेली नाही, राजधानीतल्या कॉम्प्युटरने जुन्या नोंदी काढून तयार केली आहे. आता मी जिल्ह्याच्या ऑफिसात आहे, माझं काम फक्त तपासून सही करायचं. परवा मी यादी उघडली. तिसऱ्या पानावर प्राथमिक शाळा, तरियापारा. जवळची शाळा, मोठी शाळा. अंतर, नऊशे मीटर. मोजमापाचा आधार, बीईओ यांची प्रत्यक्ष पाहणी. म्हणजे मी. जनभावना कुठल्या कुठे वाळवी लागून गेली, आणि माझा आकडा तेवढा राहिला. खोटा आकडा किती टिकाऊ असतो हो. सगळ्यांना तो पटतो, कारण तो आकडा असतो.

आज सोमवार. सकाळी नऊलाच मी स्कूटी घेऊन निघाले. पर्समध्ये कांदा होता, माझा मीच ठेवलेला. तरियापाऱ्यात कडुनिंब आणखी मोठा झाला आहे आणि शाळेच्या भिंतीला नवा रंग आहे. फाटकाशी पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते, लूचे पहिले चटके लागत होते, आणि रेक उभी होती. टोक दिसेना. दांडा नवीन आहे, लाल-पांढरा. तारेने वर बांधलेला.

"मैडम?"

सावलीला एक बाई उभी होती, कडेवर चार-साडेचार वर्षांची मुलगी. मी आधी त्या मुलीच्या वेण्यांकडे पाहिलं, लाल रिबिनीत दुमडलेल्या. मग आईकडे. खेमिन लग्न होऊन पुन्हा याच वस्तीत आली होती. मला पाहताच तिने ओळखलं, मी काही इतक्या लवकर ओळखलं नाही. ती पाया पडायला वाकली, मी अडवलं. मग तिने सरळच विचारलं, "फेर बंद होही का?" पुन्हा बंद होणार का. तिच्या पोरीला, भारतीला, यंदा बालवाडीत आणि मग पहिलीत घालायचं होतं. वस्तीत बातमी आधी पोचते, आमची यादी मागाहून.

मी म्हटलं, मला तो रस्ता दाखव, ज्याने रुळांवर उतरावंच लागत नाही. ती म्हणाली लांब आहे, पुलावरून. म्हटलं चल. फोनवर चाललेलं अंतर मोजतात तसं लावलं आणि आम्ही परत शाळेच्या पायरीशी जाऊन तिथून निघालो. ती, मी आणि भारती. कारखान्याच्या भिंतीच्या कडेने, मग डांबरी रस्त्याने, ट्रकांच्या धुळीतून, मग पुलाचा चढ. भारती थोडी चालली, मग बसली, मग आईने उचललं, मग मी. पोर काही हलकं नव्हतं. पुलाच्या माथ्यावर मला धाप लागली म्हणून कठड्याशी थांबलो. तिथून खाली रेक सबंध दिसत होती, पहिल्यांदाच दोन्ही टोकं दिसली मला. मोठ्या शाळेच्या गेटाशी पोचलो तेव्हा फोन म्हणत होता, तीन किलोमीटर चारशे. सव्वा तास लागला होता.

आता एक वाजून गेला आहे. कविता, आमची कॉम्प्युटरवाली, दोनदा डोकावून गेली. तिच्या चौकटीत अंतराचा आकडाच फक्त बसतो, शब्द बसत नाहीत. मी तिला म्हटलं, तीन पॉइंट चार लिही, आणि हा कागद सोबत जोड. कागदावर मी लिहिलं आहे की आधीचं मोजमाप माझंच होतं, रविवारी सकाळी सहा वाजता केलेलं, चुकीचं. त्या वर्षी हे मला ठाऊक असून मी ते लिहिलं नाही, हेही लिहिलं आहे. दहा वाजता फाटकावरून रस्ता नसतो. खाली सही. बारा वर्षांपूर्वी ज्या ओळीवर मी उभी रेघ मारली होती ती पुन्हा लिहायला मला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वरून काय उत्तर येईल ते मला माहीत नाही. कदाचित शाळा राहील. कदाचित चौकशी लागेल, लागू दे. मी अजून बसलेले नाही, खिडकीशी उभी आहे, पायांत पुलाचा चढ आहे. सकाळी त्या माथ्यावर, मी धापा टाकत कठड्याला धरून उभी असताना, खेमिन पोरीच्या तोंडावरचा घाम पदराने पुसत होती. रागाने नाही, सहज बोलावं तशी ती खाली रेककडे पाहत म्हणाली, "ओ बखत अइसने रेंगे रहितेव मैडम, त महूँ पढ़ लेतेंव."

त्या वेळी अशाच चालल्या असतात मॅडम, तर मीसुद्धा शिकले असते.